मुरलेल्या तंत्राचा खेळिया : गुनपेई योकोई

संगणकाच्या पडद्यावर हिरवट रंगाची एक लहानशी चौकट उघडते. तिच्या माथ्यावरून एका कंपनीचे नाव संथपणे खाली सरकते, घंटेसारखा बारीक आवाज होतो आणि १९८९ सालचा 'टेट्रिस' सुरू होतो. ज्या यंत्रासाठी तो खेळ तयार झाला, ते यंत्र मात्र टेबलावर कुठेही नसते. त्याची करडी पेटी, चार पेन्सिल सेल, खेळाची कॅसेट यांपैकी काहीच नसते. असते ती एक आज्ञावली. दारोदार फिरणारा बहुरूपी जसा कधी पोलिस, तर कधी वैद्य होऊन उभा राहतो, तशी ही आज्ञावली आजच्या संगणकाला साडेतीन दशकांपूर्वीच्या यंत्राचे सोंग घ्यायला लावते. तिला इम्युलेटर म्हणतात. खेळाला हे सोंग कळत नाही. आपण आपल्याच घरी आहोत अशा समजुतीने तो चालू लागतो.

ज्या यंत्राचे हे सोंग आहे, त्या 'गेम बॉय'चे जनक गुनपेई योकोई १९९७ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, एका अपघातात गेले. घरच्या संगणकावर जुने खेळ चालवण्याची हौस तेव्हा नुकती बाळसे धरत होती. पुढच्या काळात त्यांची यंत्रे दुकानांतून गेली, कारखान्यांतून गेली, कपाटांतल्या पेट्यांमध्ये गंजली. खेळ मात्र राहिले. त्यामुळे योकोई यांचे चरित्र ही काही खेळण्यांच्या जन्माची कथा आहे, तशीच ती खेळणे नाहीसे झाल्यावर त्यातले काय मागे उरते, याचीही कथा आहे.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो शहरात झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ मध्ये ते निन्टेंडो कंपनीत नोकरीस लागले. या कंपनीचा संगणकाशी तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते बनवण्यासाठी १८८९ मध्ये तिची स्थापना झाली होती आणि पत्ते हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे या तरुण अभियंत्याचे काम. त्यातून वेळ उरे, तेव्हा कारखान्यातल्याच अवजारांवर ते स्वतःच्या करमणुकीसाठी काहीबाही घडवत बसत.

अशाच एका रिकाम्या वेळी त्यांनी एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांचा एक हात बनवला. मुठी मिटल्या की तो लांबवर जाई आणि टोकाला असलेल्या चिमट्याने वस्तू पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. कामाच्या वेळात खेळत बसल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार, या धास्तीने योकोई त्यांच्या खोलीत गेले. बाहेर आले ते या हाताचे विक्रीयोग्य खेळणे करण्याचा हुकूम घेऊन. १९६६ मध्ये बाजारात आलेल्या या 'अल्ट्रा हँड'चे दहा लाखांहून अधिक नग खपले आणि देखभाल करणारा अभियंता खेळणी घडवणारा झाला.

त्यानंतरच्या दशकातली त्यांची खेळणी पाहिली, तर एक सूत्र ठळकपणे दिसते. १९६९च्या 'लव्ह टेस्टर'मध्ये दोघांनी एकमेकांचे हात धरायचे आणि दुसऱ्या हातात यंत्राचे एकेक टोक घ्यायचे. मग प्रेमाची मात्रा दाखवणारा काटा हले. प्रत्यक्षात तो काटा मोजत होता शरीरातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे ते उपकरण. नवी गोष्ट एवढीच, की त्याच्या निमित्ताने लाजऱ्या तरुण-तरुणींना हातात हात घेता येत होता. पुढे सौरघटांचा उपयोग करून त्यांनी प्रकाशाच्या बंदुका बनवल्या. सौरघट विकणाऱ्या शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा या कामात त्यांच्यासोबत होते. तेच पुढे निन्टेंडोत आले आणि त्यांनी 'फॅमिकॉम' हा प्रसिद्ध गेम कन्सोल घडवला. १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या सभागृहांत प्रकाशाच्या बंदुकांनी नेमबाजी खेळवण्याचा मोठा प्रकल्प कंपनीने हाती घेतला. मात्र त्याच वर्षी तेलसंकट कोसळले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. बेभरवशाच्या महागड्या प्रयोगाची किंमत योकोई यांनी अशी जवळून पाहिली होती.

आपल्या कामाच्या पद्धतीला त्यांनी पुढे एक जपानी नाव दिले. मराठीत त्याचा अर्थ साधारणपणे मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवळणाने विचार, असा होईल. मूळ जपानी शब्दाला सुकलेले किंवा वाळलेले अशी छटा आहे, तशीच पक्व झालेले अशीही आहे. लोणचे मुरावे तसे जे तंत्र बाजारात मुरले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, ते घ्यावे. मात्र ज्या कामासाठी ते जन्मले, त्यासाठी न वापरता भलत्याच जागी वापरावे. खेळाला अद्ययावत यंत्र लागत नाही, नवी कल्पना लागते, अशी त्यांची धारणा होती.

या विचाराचे पहिले मोठे फळ म्हणजे 'गेम अँड वॉच'. बुलेट ट्रेनच्या प्रवासात एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला, असे ते सांगत. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांत तेव्हा किमतीचे युद्ध पेटले होते आणि त्यात लागणाऱ्या चिप व द्रवस्फटिक पडदे कमालीचे स्वस्त झाले होते. योकोई यांनी त्याच पडद्यावर आकड्यांऐवजी चेंडू झेलणारा माणूस आणला. मोठ्या माणसांना चारचौघांत खेळताना संकोच वाटू नये, म्हणून यंत्र दोन्ही तळव्यांत लपेल एवढे लहान ठेवले. कोपऱ्यात घड्याळही दिले. एप्रिल १९८० मध्ये या मालिकेतले पहिले यंत्र आले आणि बघता बघता मुलांनी ते मोठ्यांच्या हातून काढून घेतले. संपूर्ण मालिकेचे चार कोटींहून अधिक नग विकले गेले. कंपनीचे कर्ज फिटले.

गंमत अशी, की दिसायला इतकी साधी असलेली हीच यंत्रे संगणकावर जिवंत करणे पुढे फार जिकिरीचे ठरले. कॅसेटमधला खेळ वाचून घेता येतो. 'गेम अँड वॉच'मध्ये कॅसेटच नाही. खेळाची आज्ञावली शार्पच्या एका चार-बिटी चिपमध्ये कायमची कोरलेली, आणि चित्रे तर आज्ञावलीतही नाहीत. धावणारा माणूस, पडणारा चेंडू यांचे आकार पडद्याच्या काचेतच घडवलेले. 'मेम' या १९९७ मध्ये सुरू झालेल्या इम्युलेटर प्रकल्पातील हौशी मंडळींनी ते पुढे साध्य केले, परंतु त्यासाठी जुनी यंत्रे विकत घेऊन उघडावी लागली. कित्येकदा चिपचे आवरण आम्लाने काढून आतील बिट सूक्ष्मदर्शकाखाली वाचावे लागले. पडद्याच्या काचा स्कॅन करून एकेक आकृती हाताने गिरवावी लागली. एक खेळ वाचवण्यासाठी एक यंत्र मोडावे लागे.

दरम्यान निन्टेंडोत एक तरुण चित्रकार दाखल झाला होता. अमेरिकेत 'रडार स्कोप' नावाच्या खेळाच्या सुमारे दोन हजार पेट्या विक्रीविना पडून होत्या. त्यांच्यासाठी नवा खेळ तयार करण्याचे काम यामाउची यांनी शिगेरू मियामोतो या तरुणावर सोपवले आणि मार्गदर्शक म्हणून योकोई यांना नेमले. त्यातून १९८१ मध्ये 'डाँकी काँग' आला आणि त्यातला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला. मियामोतो यांचे नाव आज घरोघरी पोहोचले आहे. त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला हा वडीलधारा अभियंता त्या मानाने मागेच राहिला.

हाच खेळ 'गेम अँड वॉच'मध्ये आणताना एक अडचण उभी राहिली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार दिशांना फिरायचे, तर दांडा हवा. पण उभा दांडा असलेले यंत्र मिटणार कसे आणि खिशात जाणार कसे? योकोई यांनी दांड्याऐवजी अधिकच्या चिन्हासारखे एक चपटे बटण बसवले. त्याचा मध्य किंचित उचललेला, त्यामुळे ते कोणत्याही एका बाजूस कलते. अंगठ्याला न पाहताही दिशा कळते. १९८२च्या 'डाँकी काँग'मध्ये आलेले हे बटण पुढच्याच वर्षी 'फॅमिकॉम'च्या हँडलवर गेले आणि तेथून जगभर. १९९०च्या दशकात पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून खेळायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक 'फॅमिकॉम'चीच नक्कल होते. सुट्टीत त्यावर तासन्‌तास अंगठा झिजवणाऱ्या मुलांनी योकोई हे नाव ऐकलेले नव्हते, पण त्यांचा अंगठा ज्यावर होता ते बटण योकोई यांचेच होते.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेला 'गेम बॉय'. त्यात आठ-बिटी प्रोसेसर होता, सेकंदाला ४१ लाख ९४ हजार ३०४ ठोके घेणारा. कामाची स्मृती आठ किलोबाइट. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, त्यांना हिरवट पार्श्वभूमीवर अवघ्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही. अंधारात काही दिसत नसे. त्याच सुमारास प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत, उजळ पडद्यांची यंत्रे आणली. सेगाचे 'गेम गिअर' सहा सेल घेऊन तीन ते पाच तास चाले. 'गेम बॉय' चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले, किमतीने स्वस्त होता आणि हातून पडला तरी सहसा बंद पडत नसे. रंग नको, हा निर्णय योकोई यांचा. मात्र सगळे श्रेय त्यांनाच देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या मनात असलेले यंत्र 'गेम अँड वॉच'च्या अधिक जवळचे होते. कॅसेट बदलून वर्षानुवर्षे वापरता येईल असे अधिक समर्थ यंत्र हवे, हा आग्रह त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी धरला आणि तडीस नेला.

सोव्हिएत संघात जन्मलेला 'टेट्रिस' या यंत्रासोबत जगभर गेला. १९९६ मध्ये, यंत्र म्हातारे झाले असे सगळे मानत असताना, 'पोकेमॉन' आला. दोन यंत्रे तारेने जोडायची सोय पहिल्या दिवसापासून 'गेम बॉय'मध्ये होती. त्या तारेतून मुले आपापले प्राणी एकमेकांना देऊ लागली आणि यंत्राला दुसरे तारुण्य आले. 'गेम बॉय' आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले.

'गेम बॉय'च्या साधेपणाचा एक लाभ त्याच्या कर्त्यालाही अपेक्षित नसावा. यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितके त्याचे सोंग घेणे अवघड. 'गेम बॉय'चा प्रोसेसर कोणती आज्ञा कशी पाळतो, स्मृतीचा कोणता कप्पा कशासाठी आहे, पडद्याची एक ओळ रंगवायला किती ठोके लागतात, हे सगळे एका माणसाला समजून घेता येईल एवढेच आहे. म्हणून इम्युलेटर लिहायला शिकणारे विद्यार्थी आजही अनेकदा याच यंत्रापासून सुरुवात करतात. खेळातील आज्ञा एकामागून एक वाचायची, मूळ प्रोसेसरने तिचे जे केले असते तेच करायचे आणि तेही त्याच तालात. ताल चुकला की आवाज बेसूर होतो, चित्र फाटते. यंत्र सुरू होताना कंपनीचे नाव खाली सरकवणारी २५६ बाइटांची चिमुकली आज्ञावली तर अनेक वर्षे कोणाच्या हाती लागली नव्हती. २००३ मध्ये एका हौशी संशोधकाने चिप उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बिट वाचून ती मिळवली.

तरीही काही गोष्टी सोंगात उतरत नाहीत. मूळ पडदा मंद होता. हलत्या चित्रामागे सावलीसारखा माग रेंगाळत असे. काही खेळकर्त्यांनी या दोषाचाच उपयोग केला. एखादे चित्र एका क्षणी दाखवायचे आणि दुसऱ्या क्षणी लपवायचे. मंद पडद्यावर ते अर्धपारदर्शक भासे. आजच्या लखलखीत पडद्यावर तेच चित्र नुसते लुकलुकते. म्हणून इम्युलेटर लिहिणाऱ्यांना मुद्दाम धूसरपणा घालावा लागला. अधिक चिन्हाच्या बटणाची जागा कळफलकावरील चार बाण घेतात; दिशा तीच मिळते, अंगठ्याखालचा तो कल मिळत नाही. योकोई यांच्या कामाचा अर्धा भाग आज्ञावलीत नव्हताच. तो वजनात होता, बटणाच्या उंचीत होता, शेजारी बसलेल्या मित्राच्या यंत्राशी जोडलेल्या तारेत होता.

'गेम बॉय'नंतर योकोई यांनी जे यंत्र केले, त्यानेच त्यांच्या लौकिकाला दृष्ट लागली. एका अमेरिकी कंपनीचे, लाल दिव्यांची रांग आणि हलते आरसे वापरून खोलीचा आभास निर्माण करणारे तंत्र त्यांना भावले. त्यातून १९९५च्या जुलैमध्ये 'व्हर्च्युअल बॉय' आले. टेबलावर ठेवून, डोळे लावून आत पाहायचे; काळ्या अंधारात लाल रेषांचे जग. ते खिशात मावत नव्हते आणि शेजारच्याला दाखवताही येत नव्हते. खेळणाऱ्यांचे डोके दुखे, डोळे थकत. जेमतेम पावणेआठ लाख नग गेले, २२ खेळ निघाले आणि वर्षभराच्या आत कंपनीने यंत्र गुंडाळले. स्वस्त आणि मुरलेल्याची कास धरणारा माणूस या एका वेळी तंत्राच्या नवलाईला भुलला, असे म्हणता येईल. लाल दिवे निवडण्यामागे मात्र स्वस्ताईचाच हिशेब होता, हेही खरे.

त्यानंतर योकोई कंपनीत फार काळ राहिले नाहीत. जुलै १९९६ मध्ये 'गेम बॉय'ची सडपातळ आवृत्ती बाजारात आली आणि १५ ऑगस्ट रोजी, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेंडो सोडली. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना जावे लागले, ही वदंता तेव्हापासून आजवर टिकून आहे. त्यांनी स्वतः मात्र तसे मानले नाही. पन्नाशीनंतर स्वतःचे काही करण्याचा विचार त्यांच्या मनात आधीपासून होता. क्योतोतच त्यांनी 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी एका नव्या हातातल्या यंत्राची आखणी सुरू केली. पुन्हा तेच सूत्र : रंग नाही, किंमत कमी आणि सेल फक्त एक.

ते यंत्र त्यांना पाहता आले नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकु द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीची पुढच्या वाहनाशी धडक झाली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या एका मोटारीने त्यांना धडक दिली. मार्च १९९९ मध्ये 'वंडरस्वान' या नावाने ते यंत्र आले, तेव्हा त्यासोबतच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांचे नाव देण्यात आले : 'गुनपेई'. २००३ मध्ये खेळ घडवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

योकोई यांच्या खेळांचे पुढचे आयुष्य इम्युलेटरमध्ये गेले, पण ते निर्वेध नव्हते. इम्युलेटर ही स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली असल्यास ती बेकायदा ठरत नाही, असा कल अमेरिकी न्यायालयाने २००० मध्ये सोनीच्या एका खटल्यात दाखवला. खेळाची प्रत परवानगीवाचून वाटणे मात्र गुन्हाच राहिला. निन्टेंडो या बाबतीत सर्वांत कठोर. नव्या यंत्राच्या 'युझू' या इम्युलेटरच्या कर्त्यांना २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. दुसरीकडे हीच कंपनी २०११ पासून स्वतःचे इम्युलेटर वापरून 'गेम बॉय'चे जुने खेळ विकत आली. ते विकणारे एक ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले आणि तेथील खेळ पुन्हा दुर्मीळ झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत २०१० पूर्वीचे ८७ टक्के खेळ तेथील बाजारात कायदेशीररीत्या मिळत नसल्याचे आढळले. 'गेम बॉय'च्या खेळांपैकी तर सहा टक्केही उपलब्ध नव्हते. उरलेले खेळ ज्यांच्यामुळे आज पाहता येतात, त्या हौशी मंडळींना कायद्याच्या कडेकडेने चालावे लागते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये एका इम्युलेटरवर 'पोकेमॉन'चा १९९६चा खेळ सुरू करण्यात आला आणि त्याची बटणे इंटरनेटवरून जगाच्या हाती देण्यात आली. अकरा लाखांहून अधिक लोकांनी परस्परविरोधी दिशा देत, अडखळत, सोळा दिवसांत तो पूर्ण केला. एका अंगठ्यासाठी बनवलेल्या बटणावर लाखो अंगठे पडले होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेंडोने आणखी एक घोषणा केली. तीस वर्षे जिचे नाव अपयशाच्या यादीत पहिले घेतले जाई, त्या 'व्हर्च्युअल बॉय'चे खेळ नव्या यंत्रावर, डोळ्यांना लावायच्या जोडणीसह, पुन्हा आणण्याची. दशकानुदशके ते खेळ वाचवून ठेवले होते हौशी इम्युलेटरकर्त्यांनीच. योकोई यांच्या हातची लाल पेटी आज संग्राहकांच्या कपाटात आहे. तिच्यातले जग आता स्वस्त झालेल्या, मुरलेल्या तंत्रावर चालते.